व्हर्च्युअलबॉक्स बसत नाही, बसलं तर चालत नाही: बिघाड कुठल्या थरात आहे ते आधी शोधा

व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे एका संगणकाच्या आत दुसरा, आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन, थोडक्यात मशीन) चालवणारं सॉफ्टवेअर. त्यावर मशीन सुरू करताना चूक सांगणारी खिडकी आली की बहुतेक जण पहिलं काम करतात ते म्हणजे सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवायचं. मग पुन्हा तीच खिडकी. मग जुनी आवृत्ती शोधायची, तीही बसवायची. यात संध्याकाळ जाते आणि हाती काही लागत नाही, कारण दोष बऱ्याचदा व्हर्च्युअलबॉक्समध्ये नसतोच. तो खाली असतो.

चार थर लक्षात ठेवा. सगळ्यात खाली प्रोसेसर आणि बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारं, मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर), त्यावर विंडोज, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स आणि सगळ्यात वर त्याच्या आत चालणारी गेस्ट सिस्टीम. मूळ संगणक तो होस्ट, आतला तो गेस्ट. तपासणी खालून वर करायची. खालचा थर ठीक आहे याची खात्री होईपर्यंत वरच्याला हात लावायचा नाही. पुढचं सगळं इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरच्या ६४-बिट विंडोज १० व ११ वरच्या व्हर्च्युअलबॉक्स ७ मालिकेसाठी आहे. लिनक्स आणि मॅकवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

पहिला थर: बायोस

व्हर्च्युअल मशीन चालवायला प्रोसेसरची खास सोय लागते. इंटेलमध्ये तिला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीमध्ये एएमडी-व्ही. डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या ६.१ आवृत्तीपासून या सोयीशिवाय मशीन चालवण्याचा मार्गच व्हर्च्युअलबॉक्समधून काढून टाकला आहे. त्यामुळे ‘३२-बिट निवडा, व्हीटी नसली तरी चालतं’ असं सांगणारे जुने व्हिडिओ सोडून द्या.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू निवडा. खाली उजवीकडे ‘व्हर्च्युअलायझेशन’ अशी ओळ दिसेल. तिथे ‘डिसेबल्ड’ असेल तर दोष सापडला, बाकी काही बघू नका. याची आणखी एक खूण म्हणजे नवीन मशीन करताना आवृत्तींच्या यादीत फक्त ३२-बिटचे पर्याय दिसतात, ६४-बिटचा एकही नसतो. तरीही मशीन सुरू करायला गेलात तर एएमडीवर येणाऱ्या चुकीच्या संदेशाच्या शेवटी ‘एसव्हीएम डिसेबल्ड’ आणि इंटेलवर ‘व्हीएमएक्स डिसेबल्ड’ असे शब्द असतात.

बायोसमध्ये शिरायची किल्ली कंपनीगणिक वेगळी. डेल आणि एसरच्या लॅपटॉपवर सहसा एफ२, एचपीवर एस्केप आणि मग एफ१०, थिंकपॅडवर एफ१, जोडून घेतलेल्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर बहुधा डिलीट. संगणक इतक्या झटकन सुरू होत असेल की किल्ली दाबायला वेळच मिळत नाही, तर विंडोजमधूनच जा. शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्टवर क्लिक करा, मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज.

त्याआधी एक काम. लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू असेल तर बायोसमधल्या बदलानंतर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. आधी तिथे जाऊन बघा आणि कागदावर उतरवून घ्या. नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ता नसतो, म्हणून ‘माझ्याकडे नाही’ असं गृहीत धरू नका.

आत गेल्यावर इंटेलवर ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ किंवा नुसतं ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ शोधा. असूसच्या बोर्डावर ते अॅडव्हान्स्डमधल्या सीपीयू कॉन्फिगरेशनमध्ये असतं, एचपी लॅपटॉपवर सिस्टीम कॉन्फिगरेशनमध्ये. एएमडीवर नाव असतं ‘एसव्हीएम मोड’. बरेच जण ‘व्हर्च्युअलायझेशन’ हा शब्द शोधत बसतात आणि समोरचं एसव्हीएम सोडून देतात. शेजारी ‘व्हीटी-डी’ दिसेल, ती वेगळी गोष्ट आहे. नुसती ती चालू करून भागत नाही. बदल केल्यावर एफ१० ने सेव्ह करून बाहेर पडा आणि टास्क मॅनेजरमध्ये पुन्हा खात्री करा.

दुसरा थर: विंडोजने सोय आधीच बळकावलेली असते

सगळ्यात जास्त डोकं खाणारा थर हाच. टास्क मॅनेजर ‘एनेबल्ड’ म्हणतो, बायोस बरोबर आहे, तरी व्हर्च्युअलबॉक्स सांगतो की व्हीटी-एक्स उपलब्ध नाही. किंवा काहीच तक्रार करत नाही, पण मशीन इतकं हळू चालतं की उबुंटूचा डेस्कटॉप यायला चहा करून होतो. टास्क मॅनेजरमधला ‘एनेबल्ड’ फक्त एवढंच सांगतो की बायोसने परवानगी दिली आहे. ती परवानगी सध्या कोणाच्या हातात आहे, हे तो सांगत नाही.

विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) आहे, हायपर-व्ही. तो सुरू असला की प्रोसेसरची ही सोय थेट त्याच्या ताब्यात जाते. २०१८ च्या डिसेंबरमधल्या ६.० आवृत्तीपासून व्हर्च्युअलबॉक्स अशा वेळी हायपर-व्हीच्या मार्फत काम भागवू शकतं, म्हणून मशीन चालतं तरी. पण वेग पडतो, आणि काही गेस्ट सुरू होतानाच अडकतात. चालू मशीनच्या खिडकीत खाली उजवीकडच्या चिन्हांकडे बघा. तिथे हिरवं कासव दिसलं तर तुम्ही याच अवस्थेत आहात. चिन्ह निवडणाऱ्याला विनोदबुद्धी होती, पण खूण अचूक आहे.

‘माझं विंडोज होम आहे, त्यात हायपर-व्ही नसतंच’ हा गैरसमज फार पसरलेला आहे. होममध्ये हायपर-व्हीचं व्यवस्थापनाचं साधन नसतं, हे खरं. पण खालचा हायपरव्हायझर असतो आणि तो इतर वाटांनी जागा होतो. स्टार्टमध्ये ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ शोधून उघडा आणि पहिल्याच पानाच्या तळाशी जा. ‘अ हायपरव्हायझर हॅज बीन डिटेक्टेड’ अशी ओळ असेल तर तो जागा आहे. तिच्याच जवळ ‘व्हर्च्युअलायझेशन-बेस्ड सिक्युरिटी’ समोर ‘रनिंग’ लिहिलेलं असेल तर त्याला जागं ठेवणारं कोण, तेही कळलं.

आता त्याला निजवायचं. कंट्रोल पॅनलमधलं ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ उघडा आणि यातल्या ज्या ज्या ओळी तुमच्याकडे असतील त्यांच्या खुणा काढा: हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म, विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म, विंडोज सँडबॉक्स. मग विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन असं जाऊन ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद करा. विंडोज ११ आधीपासून भरून आलेल्या नव्या लॅपटॉपवर बहुधा हीच चालू असते, आणि वरच्या यादीतल्या खुणा काढूनही कासव जात नसेल तर कारण बहुधा हीच असते.

एवढ्यावर काम झालं नाही तर शेवटचा उपाय. स्टार्टवर राइट-क्लिक करून प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनल उघडा आणि बूट सेटिंग बदला. आज्ञा चार तुकड्यांची आहे, मध्ये एकेक जागा सोडायची, सगळी अक्षरं इंग्रजी लहान लिपीतली: ‘बीसीडीएडिट’, मग तिरपी रेघ (/) आणि तिला चिकटून ‘सेट’, मग ‘हायपरव्हायझरलाँचटाइप’ सलग, मग ‘ऑफ’. परत पूर्वीसारखं करायचं तर शेवटी ‘ऑफ’ऐवजी ‘ऑटो’.

यातल्या प्रत्येक बदलानंतर ‘रीस्टार्ट’ करायचं, ‘शट डाउन’ नाही. फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउन केलेलं विंडोज खरं पूर्ण बंद होत नाही, त्याचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. ‘सगळं केलं तरी फरक नाही’ म्हणणाऱ्यांपैकी काहींची अडचण एवढीच असते.

याची किंमतही माहीत असू द्या. व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म बंद केलं की डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय) आणि त्यावर चालणारं डॉकर डेस्कटॉप बंद पडतं. मेमरी इंटिग्रिटी बंद केली की घातक ड्रायव्हरपासून मिळणारं एक संरक्षण जातं. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे कुलूपबंद असतं आणि तसंच राहू द्यावं. आणि इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलसाठी नुसतं लिनक्सचं टर्मिनल आणि सी कंपायलर हवा असेल तर ही सगळी मोडतोड करूच नका, डब्ल्यूएसएल २ पुरतं आणि ते होम आवृत्तीवरही चालतं. पूर्ण डेस्कटॉप, नेटवर्कचे प्रयोग किंवा दुसरं विंडोज हवं असेल तरच व्हर्च्युअल मशीनचा खटाटोप.

तिसरा थर: खुद्द इन्स्टॉलर

७.० पासून व्हर्च्युअलबॉक्सला मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ २०१९ रीडिस्ट्रिब्युटेबल आधी बसलेलं लागतं. नसेल तर इन्स्टॉलर थांबतो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून त्याची एक्स६४ आवृत्ती उतरवून बसवा. २०१५ पासून पुढच्या वर्षांसाठी एकच एकत्रित पॅकेज मिळतं, ते चालतं.

पुढे एक लाल मजकुराची सूचना येते की नेटवर्क काही क्षण तुटेल. ती खरी आहे, कारण इन्स्टॉलर नेटवर्क कार्डात स्वतःचा ड्रायव्हर घालतो. मोठं डाउनलोड किंवा ऑनलाइन परीक्षा चालू असताना हे करू नका. त्यानंतर ‘मिसिंग डिपेन्डन्सीज, पायथन कोअर’ अशी सूचना आली तर घाबरू नका. पायथनमधून मशीन हाताळणाऱ्यांनाच ते लागतं. ‘येस’ म्हणून पुढे जा.

सी ड्राइव्हवर जागा नाही म्हणून डी ड्राइव्हवर फोल्डर निवडलं आणि इन्स्टॉलरने ‘निवडलेली जागा सुरक्षेच्या अटी पाळत नाही’ असं म्हणून नकार दिला, हा अलीकडच्या आवृत्त्यांतला प्रकार आहे. त्या फोल्डरमध्ये कोणीही लिहू शकतं, आणि प्रशासकाच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामसाठी ते धोक्याचं. फोल्डरच्या परवानग्या बदलून मार्ग निघतो, पण गरज नाही. खुद्द सॉफ्टवेअर सी ड्राइव्हवरच बसू द्या, ते काहीशे एमबीचं असतं. जागा खातात त्या मशीनच्या फाइली. प्रेफरन्सेसमधल्या जनरलमध्ये ‘डिफॉल्ट मशीन फोल्डर’ बदलून त्या डी ड्राइव्हवर न्या. वनड्राइव्हच्या फोल्डरात मात्र नको, २० जीबीची सतत बदलणारी फाइल ढगात चढवत बसण्यात नेटचा जीव जातो.

सॉफ्टवेअर बसलं, पण मशीन सुरू करताच ‘फेल्ड टू ओपन अ सेशन’ आणि शेवटी ८०००४००५. हा आकडा गुगलवर शोधण्यात अर्थ नाही. त्याचा अर्थ ‘काहीतरी फसलं’ एवढाच असतो. खरा दोष त्याच्या वरच्या ओळीत असतो, ती वाचा. तिथे ‘ऑब्जेक्ट नेम नॉट फाउंड’ असेल तर व्हर्च्युअलबॉक्सचा मुख्य ड्रायव्हर चढलेला नाही. सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समध्ये ओरॅकल, मग व्हर्च्युअलबॉक्स, मग ड्रायव्हर्स, मग ‘व्हीबॉक्ससप’ या फोल्डरात जा. तिथल्या आयएनएफ प्रकारच्या फाइलवर राइट-क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हणा आणि रीस्टार्ट करा. (विंडोज ११ वर आधी ‘शो मोर ऑप्शन्स’ घ्यावं लागतं.) तेवढ्याने जमलं नाही तर मशीनच्या लॉग्स फोल्डरमधली ‘हार्डनिंग’ नावाची फाइल उघडा. व्हर्च्युअलबॉक्स आपल्या प्रक्रियेत परक्या फाइली शिरू देत नाही, आणि काही अँटिव्हायरस नेमकं तेच करू पाहतात. तो अँटिव्हायरस तात्पुरता बंद करून नव्हे, पूर्ण काढून एकदा बघा.

होस्ट-ओन्ली (फक्त होस्ट आणि गेस्ट यांच्यातलं) नेटवर्क निवडल्यावर ‘इंटरनल नेटवर्क उघडता आलं नाही’ असं आलं तर कंट्रोल पॅनलमधल्या नेटवर्क कनेक्शन्समध्ये व्हर्च्युअलबॉक्सच्या अॅडॅप्टरचे प्रॉपर्टीज उघडा. तिथे ‘व्हर्च्युअलबॉक्स एनडीआयएस६ ब्रिज्ड नेटवर्किंग ड्रायव्हर’ समोर खूण हवी. खूण असेल तर अॅडॅप्टर एकदा डिसेबल करून पुन्हा एनेबल करा. नुसतं इंटरनेट हवं असेल तर या वाटेला जायचं कारणच नाही. नॅट (यात गेस्ट होस्टच्याच नेटवरून बाहेर जातो) ठेवा, गेस्टला १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो आणि नेट चालतं. ब्रिज्ड मोड (गेस्टला घरच्या नेटवर्कवर स्वतंत्र संगणकासारखं जोडणारा) वाय-फायवर दर वेळी चालेलच असं नाही. तो हवाच असेल तर केबल लावा.

चौथा थर: गेस्ट

आधी हिशेब. उबुंटू डेस्कटॉपला ४ जीबी रॅम आणि २५ जीबी डिस्क धरा. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, २ कोअर, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट लागतं. ही दोन्ही व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून देतं, म्हणून ६.१ वर विंडोज ११ बसवण्याची धडपड सोडा. होस्टला ८ जीबी रॅम असेल तर गेस्टला ४ च्या वर देऊ नका. सरकपट्टीवर हिरवा रंग संपून लाल लागतो, तिथे गेलात की दोघंही गुदमरतात. ४ जीबीच्या संगणकावर पूर्ण उबुंटू चालवायचा हट्ट करू नये.

मशीन सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल मीडियम फाउंड’ आलं तर आयएसओ (इन्स्टॉलेशनच्या सीडीची फाइल) जोडलेली नाही. सेटिंग्ज, स्टोरेज, रिकाम्या सीडीवर क्लिक, आणि फाइल निवडा. जोडूनही तेच येत असेल किंवा इन्स्टॉलेशन मध्येच अर्धवट तुटत असेल तर आयएसओ खराब उतरली असू शकते. ७-झिप असेल तर फाइलवर राइट-क्लिक करून सीआरसी-एसएचए मधला एसएचए-२५६ (फाइलचा ठसा असलेली अक्षरांची ओळ) काढा आणि डाउनलोडच्या पानावरच्या ओळीशी ताडून बघा. एक अक्षर चुकलं तरी फाइल फेका.

नवीन मशीन करताना ‘अनअटेंडेड इन्स्टॉलेशन’ नावाची सोय येते. ती वापरू नका, तिची खूण आवृत्तीनुसार ‘स्किप’ किंवा ‘प्रोसीड’ अशी उलटसुलट लिहिलेली असते, नीट वाचून बंद ठेवा. चालू राहिली तर उबुंटू न विचारता बसतं, वापरकर्त्याचं नाव ‘व्हीबॉक्सयूजर’ आणि पासवर्ड ‘चेंजमी’ होतो. लोक मग आपला नेहमीचा पासवर्ड टाकत बसतात. वर त्या वापरकर्त्याला सूडोचा (प्रशासकाचा) अधिकार नसतो आणि २२.०४ वर तर टर्मिनलही उघडत नाही. दुरुस्त करण्यापेक्षा पुसून हाताने बसवणं लवकर होतं.

बसल्यावर पडदा छोटासा, ८०० बाय ६०० चा राहिला तर गेस्ट अॅडिशन्स (गेस्टमध्ये बसवायचे व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर) बाकी आहेत. उबुंटूत आधी बिल्ड-इसेन्शियल, डीकेएमएस आणि चालू कर्नलचे हेडर्स बसवा. ते नसतील तर अॅडिशन्स बसल्यासारखं दाखवतात आणि पडदा तसाच राहतो. मग डिव्हायसेस मेन्यूतून त्यांची सीडी घाला, तिच्यातला प्रोग्राम चालवा, गेस्ट रीस्टार्ट करा. ग्राफिक्स कंट्रोलर लिनक्सला ‘व्हीएमएसव्हीजीए’, विंडोजला ‘व्हीबॉक्सएसव्हीजीए’, व्हिडिओ मेमरी १२८ एमबी. पडदा काळा पडत असेल किंवा लखलखत असेल तर ३डी अॅक्सिलरेशन बंद करून बघा. माउस खिडकीत अडकला तर उजवं कंट्रोल दाबा.

मराठी टायपिंग गेस्टमध्ये वेगळं लावावं लागतं. होस्टवरचा इनस्क्रिप्ट तिथे जात नाही, कारण गेस्टला नुसती कुठली कळ दाबली एवढंच कळतं.

मशीन चालता चालता ‘पॉज्ड’ झालं तर होस्टच्या ड्राइव्हवरची जागा बघा. ‘डायनॅमिकली अॅलोकेटेड’ डिस्क सुरुवातीला लहान असते, पण फुगते, आणि गेस्टमध्ये फाइली पुसल्या तरी आपोआप आक्रसत नाही. पेन ड्राइव्हवर मशीन ठेवलं असेल आणि तो फॅट३२ असेल तर ४ जीबीला भिंत लागतेच.

चालू मशीनवर वीज गेली तर परत आल्यावर ते ‘अॅबॉर्टेड’ दिसतं. बहुधा सुरू होतं. पण ‘इनअॅक्सेसिबल’ दिसलं तर त्याच्या सेटिंगची फाइल बिघडली आहे. मशीनच्या फोल्डरात ‘व्हीबॉक्स-प्रीव्ह’ शेपटीची जुनी प्रत असते. व्हर्च्युअलबॉक्स बंद करा, बिघडलेली फाइल बाजूला हलवा, प्रतीच्या नावातून ‘-प्रीव्ह’ काढा. डिस्कची व्हीडीआय फाइल शाबूत असेल तर मशीन परत येतं. स्नॅपशॉट (मशीनची एका क्षणाची साठवलेली स्थिती) हा बॅकअप नव्हे, तो त्याच फोल्डरात असतो. मशीन बंद असताना अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा.

होस्ट लिनक्स किंवा मॅक असेल तर

उबुंटूवर ‘कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड’ आणि उणे १९०८ हा आकडा आला तर दोनच कारणं धरा. कर्नलचे हेडर्स नाहीत, किंवा सिक्युअर बूट चालू असून मॉड्यूलवर सही नाही. पॅकेज बसवताना पासवर्ड मागणारा निळा पडदा येतो आणि रीबूटनंतर ‘एन्रोल एमओके’ (त्या सहीची किल्ली नोंदवायची का) विचारतो, तो बरेच जण घाईत ओलांडून जातात. कर्नल ६.१२ पासून केव्हीएम (लिनक्सचा स्वतःचा हायपरव्हायझर) स्वतःच ही सोय धरून बसतं. मग ‘व्हीएमएक्स रूट मोड’ असा उल्लेख असलेली चूक येते. केव्हीएमचं इंटेल किंवा एएमडी मॉड्यूल कर्नलमधून काढा (अनलोड करा), मशीन चालतं.

एम मालिकेच्या मॅकवर ७.१ पासून व्हर्च्युअलबॉक्स चालतं, पण आत फक्त एआरएमसाठी बनवलेल्या सिस्टीम बसतात. उबुंटूची एआरएम६४ आयएसओ घ्या. नेहमीची एएमडी६४ तिथे सुरूच होणार नाही, तिच्या मागे सेटिंग्ज बदलत बसू नका.